एकतीस तारखेनंतरची एक तारीख

मित्रांनो, ज्याला आकड्यांची तबकडी नाही आणि ज्याची तार जन्मभर एकाच घरी जाते, असा मी एक जुना हिरवा टेलिफोन आहे. कोरियाच्या मधोमध जी सीमारेषा आहे, तिच्या दक्षिणेकडील कचेरीत माझे वास्तव्य आहे. माझा जोडीदार रेषेपलीकडे, उत्तरेच्या कचेरीत, येथून जेमतेम चारशे पावलांवर बसतो. आम्हां दोघांना एकमेकांचे दर्शन मात्र अद्याप घडलेले नाही.

ज्या कारखान्यात मी घडलो, तेथील माझे भाऊबंद लग्ने जुळविण्यास आणि डॉक्टरांना बोलाविण्यास घरोघरी गेले. माझ्या वाट्याला राष्ट्राचे संरक्षण आले. हे शब्द ऐकून माझी छाती फुगली होती. प्रत्यक्षात काम एवढेच, की रोज सकाळी नऊ वाजता एका बाजूने विचारावे, "ऐकू येतंय का?" आणि दुसऱ्या बाजूने म्हणावे, "येतंय. आज सांगण्यासारखं काही नाही." विषम तारखेला फोन आम्ही करावा, सम तारखेला त्यांनी, असा उभयपक्षी ठरलेला नियम होता. हे कसले संरक्षण, असे मला वाटे. परंतु पुढे उमजले, की ज्या दिवशी 'सांगण्यासारखं काही नाही' हे ऐकू येते, त्या दिवशी दोन्हीकडचे सैनिक निर्धास्तपणे जेवतात.

नंतर दोन्ही सरकारांचे बिनसले आणि पलीकडून फोन उचलणे बंद झाले. सहा वर्षे माझ्यावर धूळ साचली. नियम जाणणारे अधिकारी निवृत्त झाले. केवळ योम मिस्त्री दर सोमवारी येऊन मला पुसत आणि तार तपासत. नवे कारकून हसत.

"मिस्त्री, मेलेल्याची दाढी कशाला करता?"

"मेला नाही, रुसलाय," मिस्त्री म्हणत. "रुसलेल्याचं ताट वाढून ठेवावं लागतं."

मग मे महिन्यात, खेकड्यांच्या हंगामात, पश्चिम समुद्रावर दाट धुके उतरले. हाम बोंग-गिल नावाच्या कोळ्याच्या होडीचे इंजिन बंद पडले आणि होडी त्याला व दोन खलाशांना घेऊन वाहत उत्तरेच्या हद्दीत गेली. राजधानीत तातडीच्या बैठका झाल्या. परदेशांतील वार्ताहर गोळा झाले. आकाशातल्या उपग्रहांतून ती होडी साऱ्या जगाला दिसत होती; परंतु ती माणसे परत देता का, हे विचारण्यास कोणाजवळ मार्ग नव्हता.

एकतीस तारखेला सकाळी आमच्या कचेरीतील तरुण अधिकारी प्यो नान-हुई हिने मला उचलले. आणि मित्रांनो, सहा वर्षांनी पलीकडून उत्तर आले. "तिघं जिवंत आहेत. चौकशी चालू आहे. सोडायचं की नाही, ते उद्या नऊच्या फोनवर सांगू."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे एक जूनला, नऊ वाजले. मी वाजलो नाही. दहा वाजले, तरी नाही. बाहेरच्या खोलीत बोंग-गिलची पत्नी सोक इन-जा त्याचे कोरडे कपडे मांडीवर घेऊन बसली होती.

"काल आपण केला, आज पाळी त्यांची," आमचे प्रमुख चू साहेब म्हणाले. "आपण सारखं मागे लागलो, तर ते डोक्यावर बसतील."

राजधानीतून सुरक्षा सल्लागारांनी या मौनाचा अर्थ विचारला. नकार, असा अर्थ सर्वांनी लावला. दुपारी बारा वाजता लढाऊ जहाज समुद्रातल्या सीमारेषेपर्यंत न्यावे, असे ठरले.

सव्वाअकरा वाजता योम मिस्त्री फडके घेऊन आत आले. तो सोमवार होता.

"फोन झाला का?"

"त्यांची पाळी आहे, मिस्त्री," नान-हुई म्हणाली.

"आज एक तारीख ना? मग त्यांची कशी? एकतीस विषम, एकही विषम. दोन दिवस लागोपाठ आपलेच. वर्षातून सात वेळा असं होतं. जुने साहेब एकतीस तारखेला भिंतीवर लिहून ठेवायचे, उद्याही आपणच."

चू साहेबांचे कान लाल झाले.

"आता केला तर माफी मागावी लागेल," ते म्हणाले. "राजधानीला काय सांगू?"

"जे झालं ते, साहेब," नान-हुई म्हणाली. "तिकडेही कोणी तरी घड्याळाकडे बघत बसलं असेल."

चू साहेब क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी शेजारचा फोन उचलून राजधानीला सांगितले, "चूक आमच्या कचेरीची आहे. जहाज थांबवा." इतक्या वर्षांत अनेक शूर माणसे मी पाहिली. त्या वाक्याला लागणारे धैर्य त्यांतील थोड्यांजवळच होते.

जहाज थांबले. नान-हुईने मला उचलले.

"आज पाळी आमची होती. आम्ही विसरलो. क्षमा असावी."

"आम्ही तीनदा तारीख मोजली," पलीकडचा पुरुष म्हणाला. "मग वाटलं, तुम्हाला माणसं नकोतच. घ्या लिहून. उद्या दुपारी, समुद्रातल्या रेषेवर, तिघंही. इंजिन दुरुस्त केलंय. त्यात तेल घालत जा म्हणावं."

हा निरोप इन-जाला सांगितला, तेव्हा तिने कपडे छातीशी धरले.

"पाच वर्षं मी तेच सांगतेय," ती डोळे पुसत म्हणाली. "आता परमुलखातून सांगितलं, म्हणजे ऐकेल."

मित्रांनो, तेव्हापासून मी रोज बोलतो, आणि बहुधा सांगण्यासारखे काही नसते. तुमच्यापैकी कोणी उद्या मोठ्या आसनावर बसेल. मजसारख्या साधनावर धूळ साचू देऊ नका, आणि मजसारख्याची निगा राखणाऱ्या माणसाला हसू नका. समोरचा गप्प आहे म्हणून राग अनावर होईल, तेव्हा एवढे अवश्य तपासा, की पाळी आपली तर नाही.