चिंचेनं घासलेली ताटली

मी शिंपल्यांची ताटली बोलते आहे. माझं मूळ कोकणातल्या एका उकिरड्यात. माणसं आतलं मांस खातात, कवचं फेकतात, मग वास सुटला की नाकाला पदर लावतात. त्या ढिगातून पिंप्राळ्याच्या सुलक्षणानं पोती भरून आणली. डिझाइन शिकलेली पोर. कचऱ्यातून भांडी करायची, प्लास्टिकला हात लावायचा नाही, हे तिनं डोक्यात घेतलं होतं.

वडील बन्सीलाल हसले. केळीच्या मुलखात शिंपले कोण विचारणार, म्हणाले. पण आई लताबाई लेकीच्या बाजूनं उभ्या राहिल्या, म्हणून घरामागची शेड मिळाली. वडिलांची अट एकच. श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणापर्यंत कुणी घेणारा मिळाला तर शेड तिची. नाहीतर तिथं त्यांच्या दुकानातल्या ठिबक सिंचनाच्या नळ्या येणार आणि ती गल्ल्यावर बसणार.

तिनं शिंपले धुतले, कुटले, वस्त्रगाळ केले, डिंकात मळून साच्यात दाबले. इथलं ऊन मोठं खट. माझ्या बहिणी एकेक करून तडकल्या, मी तेवढी टिकले. खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता.

भुसावळचे मिठाईवाले रतिलालभाऊ मला बघायला यायचे ठरले, तेही नेमके कानबाईच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी घरोघरी देवाची भांडी चिंचेनं घासतात. सुलक्षणा त्यांना आणायला स्टेशनवर गेली आणि लताबाईंनी तांब्या-समईसोबत मलाही पुढ्यात घेतलं. आंबटानं शिंपला विरघळतो, हे किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. इथं कोण सांगणार? चिंच लागताच मी फसफसले. मळ निघतोय असं वाटून बाईंनी आणखी जोर लावला.

सुलक्षणानं परत आल्यावर मला उचललं.

"माय, चिंच लावली का गं?"

"तुन्ही ताटली बठ्ठास्मा उजळ दिसाले जोयजे, म्हनीसन मीच घासी," लताबाई कौतुकानं म्हणाल्या. सगळ्या भांड्यांत मीच उजळ दिसावी, एवढंच त्यांच्या मनात होतं.

माझ्या अंगावर खड्डे पडले होते. रतिलालभाऊंनी अंगठा फिरवला, लागलेली पांढरी भुकटी रुमालाला पुसली. चहा घेतला, कल्पना चांगली आहे म्हणाले आणि निघून गेले.

कानबाईचं विसर्जन झालं. शेडमध्ये नळ्या आल्या, उरलेले शिंपले गल्लीतले खड्डे बुजवायला गेले. सुलक्षणा गल्ल्यावर बसते. आईला ती एका शब्दानंही बोलली नाही, आणि तेच वाईट झालं. भांडली असती तर दोघी रडून मोकळ्या तरी झाल्या असत्या. आता दोघी जेवायला वाढण्यापुरतं बोलतात. लताबाई आमटीत चिंच घालत नाहीत. त्यांनी मला देवघरात ठेवलंय, रोज कोरड्या फडक्यानं पुसतात, आणि रोज माझा थोडा भाग त्या फडक्यावर उतरतो. सुलक्षणा हात जोडायला येते ती डोळे मिटूनच.

मला आता टिकायची हौस नाही. तुमच्यापैकी कुणी या घरी आलात तर एवढे उपकार करा. बाईंची नजर चुकवून मला उचला आणि लांब कुठंतरी टाकून द्या. मी समोर आहे तोवर या मायलेकी एकमेकींकडे बघणार नाहीत.