अर्धे पाव तेक्लाच्या भट्टीतले

मी काथवट. लिंडनच्या खोडातून कोरलेली, कणीक मळायची लांबट काथवट. हल्ली काचेच्या पेटीत असते, म्हणून लोक वाकून बघतात. एरवी माझ्यात बघण्यासारखं काही नाही.

पोलंडमध्ये सान नदीकाठच्या एका खेड्यात रोझालिया कुराशच्या बापाने मला तिच्या लग्नासाठी कोरलं. तासणीचे घाव त्याने घासलेसुद्धा नाहीत. "तुझ्या हातांनी होईल गुळगुळीत," म्हणाला, आणि झालंही तसंच. रोझालियाचा नवरा लुडविक अबोल होता. मुलगी एकच, सेसिलिया. शनिवार आला की रोझालिया बाह्या सारून काळ्या पावाची कणीक माझ्यात तिंबायची. तीन माणसांना आठवडाभर पुरेल एवढी.

मग युद्ध आलं, जर्मन आले. बाजारगावात खिडक्यांना काचा बसवणारा मेंडेल, त्याची बायको गिटला आणि मुलगी रिवा एका संध्याकाळी मागच्या दाराशी उभे राहिले. एका दिवसापुरते आले होते. लुडविकने घराला लागूनच्या गोठ्यातल्या फळ्या उचलून खाली खड्डा खणला, तेव्हा हा एक दिवस लांबणार हे घरात सगळ्यांनाच कळलं. ज्यूंना थारा देणाऱ्या घरात पोराबाळांसकट सगळ्यांना गोळी, असा हुकूम होता. पलीकडच्या खेड्यात तो अमलातही आला होता.

शनिवारची कणीक पुरेना. रोझालिया बुधवारीही भट्टी पेटवू लागली.

शेजारीण तेक्ला सुदोल विधवा होती, जिभेने तिखट. एका बुधवारी मीठ मागायला आली आणि माझ्यावरचं फडकं तिने उचललं.

"तीन तोंडांना एवढी कणीक? लग्न काढलंस का कुणाचं?"

"लुडविकच्या पोटात राक्षस शिरलाय."

"भूक सगळ्यांच्याच नवऱ्यांना लागते गं," तेक्ला म्हणाली. "पण सगळ्यांच्या धुराड्यातून आठवड्याला दोनदा धूर निघत नाही. लोकांना डोळे आहेत."

मीठ घेऊन ती गेली. रोझालियाचे हात कणकेतच राहिले.

लुडविक आत आला. त्याने सगळं ऐकलं आणि बाकावर बसला. "त्यांना जायला सांगायला हवं," तो म्हणाला. "आपल्याला पोर आहे."

"त्यांनाही आहे."

"मला ठाऊक नाही होय?"

मेंडेलला सांगायला गोठ्यात जावंही लागलं नाही. आवाज फळ्यांखाली पोचला असावा. तो स्वतःच दाराशी आला, केसांत गवत. "लुडविकभाऊ, अंधार पडला की निघतो आम्ही. तुम्ही पुष्कळ केलंत."

लुडविकने मान वर केली नाही. रोझालिया पुन्हा मळू लागली. "कणीक फुगलीये," ती म्हणाली. "ती काय फेकू? भाजून, खाऊन होईपर्यंत कुणी कुठे जायचं नाही."

पाव संपेपर्यंत बर्फ पडलं होतं. बर्फावर पावलं उमटतात. मग जाण्याचा विषय कुणी काढला नाही.

पुढच्या मंगळवारी तेक्ला पुन्हा आली. "माझी काथवट तडकलीये. तुझी दे." नाही म्हणायची सोय नव्हती. तिने मला खांद्यावर घेऊन घरी नेलं. तिची काथवट कोपऱ्यात धडधाकट उभी होती. तिने माझ्यात कणीक मळली, पाव भाजले, आणि संध्याकाळी मला परत आणून दिलं. फडक्याखाली तीन पाव होते.

"भट्टी फार तापली होती. जास्तीचे झाले," ती म्हणाली. "बुधवारी तू पेटवू नकोस."

रोझालियाने काही विचारलं नाही, तेक्लाने काही सांगितलं नाही. रशियन सैन्य येईपर्यंत मी दर आठवड्याला त्या दोन घरांत ये-जा करत राहिले.

जर्मन गेल्यावर मेंडेल बाहेर आला तेव्हा भिंत धरून चालत होता. "गावातून नका जाऊ," रोझालियाने सांगितलं. "शेताशेतांनी जा." गिटलाने कारण विचारलं नाही. तिने रोझालियाचे हात धरले आणि सोडले.

तरी गावात कुणकुण लागलीच. ज्यूंनी सोनं ठेवलं असणार म्हणून तोंडं बांधलेली माणसं आली. त्यांनी गोठा उकरला, लुडविकला मारलं. त्याचा एक कान कायमचा गेला. त्यानंतर घरात त्या दिवसांविषयी बोलणं बंद झालं. बाजारचा पाव येऊ लागला, मी माळ्यावर गेले. मधली काही वर्षं माझ्यात कोंबड्यांचे दाणे होते.

खूप वर्षांनी परदेशातून म्हाताऱ्या रिवाने जबानी दिली. रोझालिया आणि लुडविकना त्यांच्या मृत्यूनंतर ज्यूंना वाचवल्याबद्दल पदक मिळालं आणि संग्रहालयातली लिडिया मला न्यायला आली. सेसिलियाही तोवर म्हातारी झाली होती.

"पाटीवर तेक्ला सुदोलचंही नाव घाला," ती म्हणाली.

"आजी, जबानीत त्यांचं नाव नाही."

"रिवा फळ्यांखाली होती. तिला पाव दिसला. भट्टी कुणाची, ते कसं दिसणार?"

लिडिया भली बाई होती. ती तेक्लाच्या नातवाकडे जाऊन आली. "आमची आजी असलं काही बोलली नव्हती," तो म्हणाला होता. "आम्हाला यात ओढू नका."

"अजून भितोय," सेसिलिया एवढंच म्हणाली. मला मात्र तिने दिलं. "घरी ठेवली तर माझ्यामागे चुलीत जाईल."

उन्हाळ्यात ती बसने यायची. माझ्या पेटीपाशी उभी राहून येईल त्याला तेक्लाची गोष्ट सांगायची. शाळेच्या पोरांना, भाषा न कळणाऱ्या परदेशी पाहुण्यांनाही. पहारेकरी खुर्ची द्यायचा. "बसलं की लोक पुढे निघून जातात," म्हणायची.

गेले दोन उन्हाळे ती आली नाही. खुर्ची पहारेकऱ्याने आत नेऊन ठेवली.

लोक येतात, पाटी वाचतात, पुढच्या पेटीकडे वळतात. पाटीवर कुराशांचं नाव आहे, आणि ते खरंच आहे. तुम्ही कधी आलात तर तेवढं वाचून लगेच वळू नका. त्याच्या शेजारी मनातल्या मनात आणखी एक नाव वाचा, तेक्ला सुदोल. अर्धे पाव तिच्या भट्टीतले होते.