हरणाबाईंचा ठराव आणि एक ब्लडी गाठ

आमच्या गावात शिवीबंदी आहे. शिवी देईल त्यानं चावडीपुढचं अंगण झाडायचं आणि त्या वर्षी मिळणाऱ्या मानावर पाणी सोडायचं. ठराव सरपंच हरणाबाईंचा. त्यामुळे एकमतानं मंजूर झाला.

सव्वीस जानेवारीचा झेंडा आमच्याकडे दरवर्षी एक माजी सैनिक पाळीनं फडकवतो. कराडच्या बाजूचं गाव, घरटी एक फौजी. हा मान सुभेदार लालासाहेबांकडे यायला बावीस वर्षं लागली. आणि आठ दिवस उरले असताना ग्रामसभेत माइक बंद पडला. सुभेदार म्हणाले, "ब्लडी माइक!"



"ही शिवी हाय का न्हाई?" हरणाबाईंनी विचारलं.

कुणालाच सांगता येईना. म्हणून हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या मिस्बाह मॅडमना बोलावलं. त्यांनी शब्दकोश उघडला. "मूळ अर्थ, रक्ताळलेला."

"माइकला कुठलं रक्त?" पंच हरिबा म्हणाले.

"तसं नव्हे. सौम्य शिवी म्हणूनही वापरतात. कधी नुसता जोर द्यायला. आपलं 'लय' असतं तसं."

"म्हंजे सुभेदार 'लय माइक' म्हणाले?"

मॅडमनी शब्दकोश मिटला.

माइकवाला अश्फाक उठला. "माइक माझा हाय. मला काय वाटलं न्हाई."

"तुला कोण म्हणालं गड्या? माइकला म्हणालेत," हरिबा म्हणाले.

शेवटी सुभेदार उभे राहिले. "आवं, आमचं कर्नलसाहेब मटण आवडलं तरी ब्लडी म्हणायचं, न्हाई आवडलं तरी ब्लडी. आमी त्येंचं त्वांड बघून अर्थ लावायचो."

"मग तवा तुमचं त्वांड कसं हुतं?" हरणाबाईंनी विचारलं.

ते कुणीच पाहिलं नव्हतं. सगळे माइककडे बघत होते. सुभेदार पुराव्याअभावी सुटले.

"पर झेंड्याखाली शबूद निघाला, तर झाडू तुमच्या हातात," हरणाबाईंनी बजावलं.

सव्वीसला सुभेदार पदकं लावून आले. झेंड्याची घडी त्यांनी कुणाला बांधू दिली नव्हती. स्वतः बांधली होती, पलटणीच्या शिस्तीत, आवळून. त्यांनी दोरी ओढली. गाठ सुटेना. पुन्हा ओढली. चेहरा लाल झाला, ओठ हलले, मिटले. गाव झेंडा सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. दात आवळून त्यांनी तिसरा हिसका दिला.

"ब्लडी दोरी!"

आवाज बाईचा होता. तेवढ्यात गाठ सुटली, झेंडूच्या पाकळ्या पडल्या आणि राष्ट्रगीत सुरू झालं. त्यामुळे बावन्न सेकंद कुणालाच मान वळवून बघता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरणाबाई चावडीचं अंगण झाडत होत्या. ठराव त्यांचाच होता. शेजारी सुभेदार, कुणी न सांगता, घमेल्यात केर भरत होते.

मी विचारलं, "बाई, तुम्ही तो शब्द नक्की कुठल्या अर्थानं वापरलात?"

"कुणाला ठावं," त्या झाडू न थांबवता म्हणाल्या. "पर म्हटल्याबरूबर गाठ सुटली का न्हाई?"