समेची जागा

“आता उडतोस बघ,” साहेबराव पुटपुटला. मच्छिंद्र उडाला, आणि चेंडू सुटायच्या आधीच साहेबरावाचा तळवा वर येऊन थांबलेला होता.

जालन्याच्या त्या बास्केटबॉलच्या मातीच्या मैदानावर शेजारच्या जिनिंगमधला कापूस तरंगत होता. माघातलं ऊन पांढरं, मऊ. मच्छिंद्राला सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटत होतं. शिट्टी लांबून यायची. चेंडूचा ठोका मात्र थेट छातीतून.

सामना निवडीचा होता. एसटी डेपोच्या वर्कशॉपात तो तीन वर्षं हंगामी. औरंगाबादला जाणाऱ्या संघात नाव आलं की नोकरी कायम. गेल्या रविवारी पोलिसांच्या संघावर त्यानं बावीस गुण केले होते. त्याआधी रेल्वेवर अवघे चार. आज पुन्हा रेल्वेच, म्हणजे पुन्हा साहेबराव. सकाळी भाकरी वाढताना बायको, तुळजाबाई, म्हणालीच, “एका रविवारी पुरणपोळी, दुसऱ्या रविवारी उपास. तुमच्या हाताला कुणाची नजर लागती का काय?”

नजर कसली? संगत होती, वीस वर्षांची. मारुतीच्या देवळात कीर्तन असलं की मच्छिंद्र टाळ धरायचा आणि साहेबराव पखवाजावर बसायचा.

मध्यंतरात दोघं एकाच रांजणाचं पाणी प्याले.

“लेका, तुला आधीच कसं कळतंय?”

“तू चेंडू न्हाई, टाळ वाजवून राह्यलास,” साहेबराव हसला. “ठेका जमिनीवर, अन् आठ ठोके सरून सम आली की उडी. पोलिसाला काय कळतंय त्यातलं? मी तर जलमभर समेचीच वाट बघून राह्यलो.”

“मंग एक डाव गाफील ऱ्हा की. नोकरीचं हाय रे माझ्या.”

साहेबरावाचं हसू मावळलं. हातातला तांब्या त्यानं खाली ठेवला. “आज गाफील राह्यलो, तर देवापुढं कोणत्या हातानं वाजवू?”

मच्छिंद्राला राग यायला हवा होता. आला नाही.

उत्तरार्धात साहेबराव दम खायला बाहेर बसला आणि भिवा नावाचा धिप्पाड गडी मच्छिंद्रावर आला. मच्छिंद्राचा हात एकदम मोकळा झाला. लागोपाठ तीन चेंडू जाळीतून गेले. “बराबर, बराबर!” डेपोवाले ओरडले. साहेबराव उठला, धोतर सावरावं तशी चड्डी सावरत आत आला, आणि तोच हात पुन्हा आटला.

शेवटचं मिनिट. मच्छिंद्रानं ठरवलं, या खेपेला सम येऊच द्यायची नाही, पाचव्या ठोक्यालाच उडायचं. पाचवा ठोका आला. पाय जमिनीतच. सहावा, सातवा, आठवा. सम आली तसे पाय आपोआप सुटले.

तळवा तिथंच होता.

डेपोच्या साहेबांनी निवडलेल्यांची नावं वाचली. त्याचं नव्हतं.

दिवेलागणीला तो देवळात आला. साहेबराव पखवाजाला कणीक लावत होता. मान वर न करता त्यानं जरा सरकून जागा दिली. कीर्तनकार बुवांचा गजर हळूहळू चढला, समया धुरकट झाल्या. मच्छिंद्राच्या टाळात आधी जीव नव्हता, मग ठेक्यानं त्याला उचललं.

सम आली. साहेबरावाचा तळवा वर गेला, आणि पडलाच नाही. त्या रिकाम्या जागेत एकटा टाळ खणखणला.

बुवांनी वळून पाहिलं. पुढच्या आवर्तनालाही तो हात वरच राहिला, समेची जागा टाळाला सोडून.