हवालदाराची पिवळी फीत

“अहो, बघा तरी याच्याकडे! तोंडात काही नाही आणि चघळतोय कसा!”

आमच्या ह्यांनी हवालदाराच्या, म्हणजे आमच्या कुत्र्याच्या, तोंडाचा फेस पुसला आणि त्याच्या गळ्यातल्या पिवळ्या फितीकडे बोट दाखवलं. “डिस्टेंपर कसा होईल? लस झालीये त्याची.”

“टोचली कुणी?”

“तू नाही का दवाखान्यात नेलंस?”

“मी? घरात टोचणारा असताना मी कशाला नेईन?”

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. जंगलालगतच्या वस्त्यांमधल्या कुत्र्यांना लस टोचायची, हेच ह्यांचं काम. कुत्र्यांचा हा डिस्टेंपर रोग वाघांनाही लागतो, म्हणून. लस झाली की गळ्यात पिवळी फीत. लोक बिचकले की हे आमच्या हवालदाराला पुढे करायचे, “बघा, माझ्याच कुत्र्याला टोचलीये. झालं का काही?” नमुना म्हणून पहिली फीत त्यालाच बांधली आणि टोचायचं राहूनच गेलं. मेलं, माझ्याही डोक्यात आलं नाही!

हवालदार गेला. त्याआधी तो ओढ्यापलीकडे, वाघिणीने मारलेल्या बैलावर ताव मारून आला होता. वाघीणही पुन्हा त्याच बैलावर आली असणार. पुढे काही दिवसांनी ती वाघीण भरदुपारी रस्त्यावर आली, झोकांड्या खात, माणसांना जराही न बुजता. मेली, तेव्हा तपासणीत तोच रोग निघाला. या जंगलात ती आणि तिची दोन पिल्लं, एवढेच वाघ उरले होते. आता पिल्लंच.

ह्यांच्या खात्यातले साहेब घरी आले, तेव्हा ह्यांनी हात जोडले. “साहेब, आमच्याच कुत्र्यामुळे झालं.”

“गप्प बसा हो! नसती बोंब होईल. बाहेरचं भटकं कुत्रं होतं, कळलं?”

ह्यांची पाठ थोपटून साहेब गेले. असा संताप आला मला! माणसाला चूकसुद्धा धड कबूल करू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी, त्या पिल्लांसाठी तरी, राहिलेली कुत्री टोचायला हे निघाले. लशीचा डबा घेऊन मीही गेले. पहिल्याच घरातल्या म्हातारीने विचारलं, “हवालदार कुठंय?”

“गेला, मावशी. त्याला टोचलीच नव्हती मी.”

“अरे, मग आम्हाला काय दाखवत फिरत होतास?” तिने आपलं कुत्रं आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

 पुढच्या घराकडे वळताना ह्यांनी सवयीने मागे बघून चुचकारलं. मागे मीच होते, डबा घेऊन.