नव्या पाहुण्याची पत्ती

"नवा पाहुणा दारात आला. आता यजमान काय करणार?" व्हॅनच्या पुढच्या सीटवरून मान वळवून चुआंग बाईंनी विचारलं.

"चहाची जुनी पत्ती फेकणार, नवी घालणार," मागून चारही विद्यार्थ्यांनी शाळेतल्या पोरांसारखं एका सुरात उत्तर दिलं.

"आणि नाही फेकली तर?"

"समजून घ्यायचं. रंग उडालेला चहा म्हणजे 'निघा आता'," पोर्तुगालचा दुआर्ते म्हणाला.

"तोंडानं काय बोलायचं?"

"वा, काय चहा आहे!" फिनलंडची आइनो म्हणाली आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

बाई आमच्या विद्यापीठात परदेशी मुलांना चिनी व्यापार आणि रीतिरिवाज शिकवत. स्वतः आयुष्यात एक शेंगदाणासुद्धा विकलेला नव्हता. मी विभागाचा जुना कारकून, त्यामुळे हे त्यांना तोंडावर म्हणायची मला मुभा होती. पण त्या दिवशी थट्टा करवत नव्हती. एखाद्या कारखान्यानं मुलांना महिनाभर हाताखाली घेतलं, तरच हा अभ्यासक्रम पुढे चालू राहील, असं विभागप्रमुखांनी सांगून टाकलं होतं. बाई कंत्राटावर होत्या. अभ्यासक्रम गेला की त्याही जाणार. एकेक कारखाना गळाला होता आणि शेवटचे उरले होते श्ये शेठ. त्यांच्या मुलीला बाईंनी शिकवलं होतं, परदेशी पाठवलं होतं. तेवढ्या भरवशावर आम्ही त्यांच्या गावी, छाओचौला निघालो होतो.

श्ये शेठांचा कारखाना संडासाच्या भांड्यांचा. आवारात पांढरीशुभ्र भांडी पेंढ्यात बांधून रांगेनं ठेवलेली, पण उचलायला माणूस दिसत नव्हता. भट्टीच्या भिंतीजवळून जाताना धगही लागली नाही. मला तेव्हाच शंका आली. बाई पुढे भराभर चालत होत्या.

"या, या, बाई! आ-क्वांग, तूही आलास? बसा!" शेठांनी बाईंचं नि माझं तोंडभरून स्वागत केलं. चहाच्या ताटापुढे ते एकटेच बसले होते. चहा मुरवायच्या झाकणाच्या वाटीत पत्ती फुगून वर आली होती, म्हणजे सकाळपासून तिच्यावरच पाणी चाललेलं. शेठांनी किटली उचलली. बाईंची नजर वाटीवर गेली. चारही मुलांची नजर वाटीवर गेली.

शेठांनी त्याच पत्तीवर पाणी ओतलं.

आमच्या या भागात माणसं कितीही असोत, चहाचे पेले तीनच, पाळीपाळीनं प्यायचे. शेठांनी तीन पेले भरले. चहा कसला, नुसतं कोमट पाणी. दुआर्ते बाईंकडे बघत राहिला. आइनोनं पेला उचलला, प्याली आणि म्हणाली, "वा, काय चहा आहे!" कधी नव्हे ते मला त्या पोरीचं हुशार असणं नकोसं वाटलं.

बाईंना कळलं नसेल असं कोण म्हणेल? त्यांनीच तर शिकवलेलं. पण त्या उठल्या नाहीत. मुलीची चौकशी केली, नातवाची केली. सोळा आणे कामासाठी आलेलं माणूस, आणि बोलणं थंडीवाऱ्याचं. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमची रीतच आहे, पण त्या दिवशी मला तिचा राग आला. माझ्या तोंडावर आलं होतं, शेठ, काय ते एकदा सांगून मोकळे व्हा.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. क्वांगचौचा एक व्यापारी आत आला, तरुण, घाईतला. शेठ ताडकन उठले. वाटीतली पत्ती त्यांनी आमच्यासमोर टोपल्यात रिकामी केली, कपाटातला चांगला डबा काढला आणि मूठभर नवी पत्ती घातली. खोलीभर वास पसरला. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

व्यापारी मुलांकडे बघत म्हणाला, "अरे वा शेठ, परदेशी पोरं! कामावर घेताय की काय? मग धंदा जोरात दिसतोय! मी तर भलतंच ऐकून आलो होतो."

शेठ पेले पुसू लागले. बाईंनी नुसतं "हो, येत्या महिन्यापासून" म्हणायची खोटी होती. त्या माणसासमोर शेठांना नाही म्हणता आलं नसतं. नाही म्हणजे धंदा बसला, हे स्वतःच्या तोंडानं सांगणं. होकार आयता ताटात पडला होता. दुआर्तेलाही ते उमजलं. तो पुढे सरकून बोलणार, एवढ्यात बाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"छे हो!" बाई हसत उठल्या. "शेठांकडे एवढी गर्दी, आमच्या पोरांना उभं राहायला तरी जागा आहे का? मी विचारलं, ते सरळ नाही म्हणाले. आम्ही आपले चहा पिऊन निघालो."

शेठांनी मान खाली घातली आणि व्यापाऱ्याचा पेला भरला.

व्हॅनपर्यंत ते धावत आले. हातात चांगल्या पत्तीचा पुडा होता.

"बाई, चारातली एकच भट्टी पेटतेय. तुम्हाला नाही म्हणायला तोंड होईना, म्हणून मी पत्ती..."

"कळलं मला, शेठ. तो धडा मीच शिकवते. आत जा, तो माणूस खोळंबलाय."

दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा बाईंनी पुडा घेतला.

गाडी सुटली तसा दुआर्ते उसळला, "बाई, तुम्ही हो म्हटलं असतंत तर त्यांना नाही म्हणता आलं नसतं!"

"माहीत आहे. गप्प बस," बाई म्हणाल्या आणि पुडा पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाई विभागप्रमुखांकडे गेल्या. आम्ही त्यांच्या खोलीत थांबलो होतो. आइनोनं बाईंच्याच भांड्यात चहा केला होता. बाई दारात आल्या तेव्हा आम्ही दुसरा पेला संपवत होतो. अभ्यासक्रम बंद झाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

आइनो उठली. तिनं वाटीतली पत्ती टोपल्यात टाकली आणि शेठांचा पुडा फोडला.

"अगं, ती अजून चांगली होती," बाई म्हणाल्या.

"नवा पाहुणा आला, बाई," आइनो म्हणाली.

बाईंचीच खोली, बाईंचीच भांडी. बाई आपल्या नेहमीच्या खुर्चीकडे गेल्या नाहीत. दाराजवळच्या, पाहुण्याच्या स्टुलावर बसल्या. तीन पेले भरले. बाईंनी दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानले, तीन घोटांत चहा संपवला आणि रिकामा पेला बराच वेळ वास घेत नाकाशी धरून ठेवला.