वेशीचा कसोटीचा हिवाळा

मित्रांनो, मी पोलंडमधल्या एका नदीकाठच्या शहराची जुनी वेस आहे. माझ्या अंगावरून सहाशे हिवाळे गेले. गवंड्यांनी मला लाल विटांत बांधले आणि विटा चुन्यात बसवल्या. रोज सकाळी धान्याच्या आणि खारवलेल्या मासळीच्या गाड्या माझ्याखालून आत येत. पुढे तोफांपुढे तटबंदीचा टिकाव लागेना, तेव्हा लोकांनी ती पाडली. मी तेवढी उरले.

लोकांचा माझ्यावर जीव होता, आणि त्या मायेपोटीच माझा घात झाला. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या सांध्यांतला चुना खरवडून सिमेंट भरले. मी अगदी नवी दिसू लागले. पण चुन्यातून बाहेर पडणारी ओल आता आतच अडकली. थंडीत ती गोठे, फुगे, आणि विटांचे पापुद्रे सुटत. एकदा एक तुकडा बाजारातून येणाऱ्या बाईच्या अंड्यांच्या टोपलीवर पडला. नगरपालिकेने मला पाडायचे ठरवले.

तेव्हा दोब्रावा नावाची गवंडीण नगरपालिकेचे अभियंता वित्कोव्स्की यांना भेटली.

"साहेब, सिमेंट काढा आणि चुना भरा."

"माणसं चंद्रावर जाऊन आली, आणि तुम्ही अजून चुन्यातच? बाई, सिमेंट पक्कं असतं."

"पक्कं आहे म्हणूनच ही आत भिजत बसलीय. ओला कोट गळ्यापर्यंत बटणं लावून हिवाळाभर घालाल का तुम्ही?"

साहेबांना हसू आले. "एक हिवाळा देतो. डावी बाजू तुमची, उजवी आहे तशी. फरक दिसला नाही, तर वेस पाडणार."

दोब्रावाच्या घराण्यात बाप मुलांसाठी चुना पाण्यात विझवून वर्षानुवर्षे खड्ड्यात मुरत ठेवतो. तिने वडिलांनी ठेवलेला चुना काढला. एकाही विटेला धक्का न लावता तिने एकेक सांधा मोकळा केला, भरला आणि चुना सावकाश वाळावा म्हणून त्यावर ओले गोणपाट पांघरले.

त्या वर्षी नदी या काठापासून त्या काठापर्यंत गोठली. मी डाव्या अंगाने धीर धरी आणि उजव्या अंगाने झडे.

मार्चमध्ये साहेब आले. उजवीकडे पायाशी लाल चुऱ्याचा ढीग होता. डावीकडे त्यांनी हातमोजा काढून तळहात टेकवला. भिंत कोरडी होती. हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

"चुना उरलाय का, बाई?"

"उजव्या बाजूपुरता आहे. पण पुढच्यांसाठी नवा विझवायला हवा. खड्डा खणायला तुम्ही या."

ते खरेच आले, कुदळ घेऊन.

मित्रांनो, जुन्या गोष्टींवर जरूर माया करा. मात्र त्यांना काय सोसते, हे आधी समजून घ्या. नवा चुना आता मुरतो आहे. तो माझ्या सांध्यांत भरणारे हात अजून जन्मायचे आहेत.